कॅरेबियन तांदुळजा : तोंडी लावण्यापुरता नव्हे

‘साइड डिश’ या शब्दासाठी मराठीत ‘तोंडी लावणे’ हा फार नेमका शब्द आहे. मुख्य अन्न म्हणजे भाकरी किंवा भात. ते रुचकर लागावे म्हणून जिभेला लावायची थोडीशी चव म्हणजे तोंडी लावणे. लोणचे, ठेचा, चटणी यांना हा शब्द शोभतो. परंतु आपल्याकडील अनेक घरांत पालेभाजीही याच मापाने वाढली जाते. दोन भाकऱ्यांसोबत पळीभर भाजी, आणि पाच माणसांच्या कुटुंबासाठी एक जुडी. आहारातील एका मोठ्या उणिवेची सुरुवात येथूनच होते.

अलीकडे घरातील तरुण मुले-मुली मोबाइलवर परदेशी पाककृती पाहून त्या करू पाहतात. अशा पदार्थांविषयी दवाखान्यातही विचारणा होते, आणि त्यांत कॅरेबियन बेटांवरील भाज्यांचे नाव आता ऐकू येऊ लागले आहे. म्हणून या पंधरवड्यात जमैकातील ‘कॅलालू’ ही पालेभाजी आपल्या स्वयंपाकघरात कशी करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती किती व कोणी खावी, याचा विचार करू.

दूरदेशीची, तरी ओळखीची

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडील ज्येष्ठांना १९७१ चा दौरा आठवतो. अजित वाडेकर कर्णधार, दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा आणि पहिल्याच मालिकेत सुनील गावस्करांनी केलेल्या ७७४ धावा. त्याच बेटांशी आपल्या देशाचे नाते मात्र क्रिकेटहून जुने आहे. ऊसमळ्यांवर राबण्यासाठी करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली जहाजे १८३८ साली गयानात, आणि १८४५ साली जमैका व त्रिनिदाद येथे पोहोचली. हे मजूर बहुतांशी आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील होते आणि कलकत्त्याहून जहाजात बसत. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्द आणि चवीही गेल्या. त्रिनिदादमध्ये आजही शिजवलेल्या पालेभाजीला ‘भाजी’ म्हणतात. विस्तवावर वांगे भाजून, सोलून, लसूण घालून केलेल्या पदार्थाला तेथे ‘बैंगन चोखा’ हे नाव आहे. आपल्या मलकापूर-नांदुऱ्याकडील माणसाने तो खाल्ला, तर तो भरिताचीच आठवण काढील.

कॅलालू ही त्या बेटांची आपली स्वतःची भाजी आहे. जमैकात हे नाव वनस्पतीचेही आहे आणि तिच्यापासून केलेल्या पदार्थाचेही. ही वनस्पती अमरँथस कुळातील, म्हणजे ज्या कुळात आपला तांदुळजा, माठ आणि राजगिरा येतात त्याच कुळातील. आपल्याकडे कोणी तिला तांदुळजा म्हणतो, कोणी चवळाई. तेव्हा ही भाजी करण्यासाठी मोठ्या शहरातील दुकानातून काही मागवावे लागत नाही. चिखली, मेहकर वा खामगावच्या आठवडी बाजारात मिळणारी ताजी जुडी पुरेशी आहे.

साहित्य (चार माणसांसाठी)

तांदुळजा किंवा हिरवा माठ, निवडल्यावर सुमारे ५०० ग्रॅम
मध्यम आकाराचे कांदे २, उभे चिरून
लसणाच्या पाकळ्या ६ ते ७, ठेचून
पिकलेले टोमॅटो २
ओव्याची पाने ३ ते ४, अथवा ओवा पाव चहाचा चमचा
हिरवी मिरची १, देठासह, अखंड
मिरपूड चिमूटभर
तेल ३ चहाचे चमचे
मीठ अर्धा चहाचा चमचा
अर्ध्या लिंबाचा रस

मूळ कृतीत थाइम नावाची सुवासिक वनस्पती वापरतात. ती नसल्यास अडून राहू नये. ज्या जाड, लुसलुशीत ओव्याच्या पानांची आपण भजी करतो, तीच पाने त्रिनिदादमध्ये मोठ्या पानांचा थाइम म्हणून वापरली जातात. कुंडीत सहज वाढणारे हे रोप आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे.

कृती

पाला चिरण्यापूर्वी मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन तीन-चार वेळा बुडवून धुवावा. दर वेळी पाला वर उचलून घ्यावा, म्हणजे माती तळाशी राहते. चिरल्यानंतर धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. कोवळे देठ टाकू नयेत. ते बारीक चिरून वेगळे ठेवावेत.

कढईत तेल तापवून लसूण व कांदा मंद आचेवर मऊ होऊ द्यावा, तांबूस करू नये. मग टोमॅटो, ओव्याची पाने आणि चिरलेले देठ घालून दोन-तीन मिनिटे परतावे. त्यावर चिरलेला पाला घालावा, मधोमध अखंड मिरची ठेवावी आणि झाकण घालावे. पाणी घालण्याची गरज नाही. पाल्याला स्वतःचे पाणी सुटते. पाच ते सात मिनिटांत पाला खाली बसतो. आता मीठ व मिरपूड घालून हलवावे, आणखी दोन मिनिटे ठेवून मिरची काढून घ्यावी. भाजी विस्तवावरून उतरवल्यावर लिंबू पिळावे. हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय काही घरांत असते. ती सोडावी, कारण सोड्याने जीवनसत्त्वांचा नाश होतो.

जमैकात ही भाजी उकडलेली कच्ची केळी किंवा सुरणासारख्या कंदांबरोबर खातात. कित्येकदा तीत खारवलेला मासाही असतो. आपण ती ज्वारीची भाकरी आणि घट्ट वरणाबरोबर खावी. वरणामुळे जेवणातील प्रथिनांची बाजूही भरून निघते.

कृतीमागील वैद्यक

या साध्या कृतीतील चार गोष्टी आपल्या रोजच्या भाजीलाही लागू पडतात.

पहिली गोष्ट मिरचीची. जमैकातील स्कॉच बॉनेट मिरची आपल्या नेहमीच्या मिरचीपेक्षा कितीतरी जहाल असते. म्हणूनच तेथे पुष्कळदा ती न चिरता, न फोडता भांड्यात ठेवतात आणि शेवटी काढून टाकतात. सुगंध उतरतो, जाळ उतरत नाही. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी ही युक्ती जरूर उचलावी. ठेच्यावर प्रेम करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तिचा उपयोग अधिकच आहे.

दुसरी गोष्ट मिठाची. कच्च्या पाल्याचा ढीग पाहून मीठ घातले की अंदाज हमखास चुकतो, कारण शिजल्यावर तो ढीग मूठभर होतो. म्हणून पाला बसल्यावरच मीठ घालावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ असावे. लोणचे, पापड, ठेचा आणि फरसाण यांतच त्यातील बराच वाटा संपतो. रक्तदाबाच्या रुग्णाने भाजीत मीठ कमी करून वर लोणचे घेतले, तर हाती काही लागत नाही. लसूण, ओवा व लिंबू यांमुळे कमी मिठातही ही भाजी अळणी वाटत नाही.

तिसरी गोष्ट लिंबाची. पालेभाजीतील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. त्यातील थोडाच भाग आतड्यातून शोषला जातो. ‘क’ जीवनसत्त्व त्याचे शोषण वाढवते, तर चहातील टॅनिन ते रोखते. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्यामुळे लिंबू शेवटी पिळायचे. आणि जेवणानंतर लगेच चहा घेण्याची पद्धत असल्यास निदान एक तासाचे अंतर ठेवायचे. भाजी लोखंडी कढईत केल्यास टोमॅटोच्या आंबटपणामुळे थोडे लोह भाजीतही उतरते. मात्र शिजल्यावर ती दुसऱ्या भांड्यात काढावी.

चौथी गोष्ट तेलाची. पाल्यातील ज्या घटकापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, तो स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषला जात नाही. म्हणून तेल थोडे हवेच. तर्री दिसेल इतके नको.

भाजी कोणाच्या ताटात?

आता प्रमाणाविषयी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाण्यास सांगते. वरील प्रमाणात केलेली भाजी चौघांनी सारखी वाटून खाल्ली, तर प्रत्येकाला सव्वाशे ग्रॅम कच्च्या पाल्याइतका वाटा मिळतो. म्हणजे ती ताटाच्या कडेला नव्हे, ताटाच्या मोठ्या भागात वाढावी लागेल.

‘सारखी वाटून’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. दवाखान्यात थकवा, धाप, पायांत गोळे येणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रीला ‘काल रात्री काय जेवलात?’ असे विचारावे, तर पुष्कळदा उत्तर ‘भाकर आणि ठेचा’ असे असते. घरात भाजी झालेली असते. पण ती सर्वांना वाढून झाल्यावर बसते, आणि तोवर कढई पुसलेली असते. जी भाजी निवडते, धुते, चिरते आणि शिजवते, तिलाच ती मिळत नाही. यावर उपाय औषधाच्या दुकानात नाही. एकीच्या जागी दोन जुड्या आणणे, आणि वाढण्यापूर्वीच तिचा वाटा काढून ठेवणे किंवा सर्वांनी एकत्र जेवायला बसणे, हे घरातील कोणीही करू शकते.

त्याबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की पालेभाजी ही लोहाच्या गोळीची जागा घेत नाही. गर्भवती स्त्रीला शासकीय कार्यक्रमात रोज ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्ल असलेली गोळी किमान १८० दिवस दिली जाते. इतके लोह कोणत्याही भाजीतून मिळणे शक्य नाही. ‘ती पालेभाजी खाते, आता गोळ्या कशाला’ असे म्हणून गोळ्या थांबवू नयेत. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. मळमळ होत असल्यास वेळ बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. हिमोग्लोबिन ७-८ ग्रॅमवर आले असेल, तर त्यामागचे कारण शोधून रीतसर उपचारच घ्यायला हवेत.

कोणी जपून खावी?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आपल्या जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव या तालुक्यांतील अनेक गावे येतात. मूत्रपिंडाचा विकार तेथे घरोघरी चिंतेचा विषय आहे. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांनी ही भाजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण पालेभाज्या व टोमॅटोमध्ये पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, तर पाला चिरून भरपूर पाण्यात उकळावा, ते पाणी टाकून द्यावे आणि मगच फोडणी द्यावी. अशा रुग्णांनी ‘लो सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठ स्वतःच्या मनाने वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते.

ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होतात, त्यांनीही उकळून पाणी टाकण्याचीच पद्धत ठेवावी, प्रमाण बेताचे ठेवावे आणि जेवणात ताक किंवा दही घ्यावे. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले जे रुग्ण रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल घेतात, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सूचना. हिरव्या पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्व या औषधांचा परिणाम कमी करते. त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. दर आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवावे, बदल करायचा झाल्यास आधी डॉक्टरांना सांगून रक्ताची आयएनआर तपासणी करून घ्यावी.

अळूचा प्रकार

त्रिनिदादमध्ये कॅलालू अळूच्या पानांची करतात. तीत भेंडी, लाल भोपळा आणि नारळाचे दूध घालून ती घोटून घेतात. आपल्या धोप्याच्या पानांपासून ती करता येईल. मात्र या पानांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने अर्धवट शिजलेली भाजी घशाला खाजते. पान पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे आणि चिंच किंवा आमसूल घालावे. नारळाच्या दुधात संपृक्त स्निग्धांश अधिक असल्याने हृदयरोग्यांनी जमैकाचा, बिनदुधाचा प्रकारच पसंत करावा.

पाला कोठून आणावा?

पावसाळ्यात तांदुळजा शेताच्या बांधावर आणि सोयाबीनच्या ओळींतही आपोआप उगवतो. त्याच काळात सोयाबीनवर तणनाशकाची व कीटकनाशकाची फवारणी होते. फवारलेल्या शेतातील पाला, तो कितीही टवटवीत दिसत असला तरी, खुडून आणू नये. धुण्याने त्यात मुरलेले औषध जात नाही. सांडपाण्याच्या नालीकाठचा पालाही टाळावा. त्यापेक्षा परसात, किंवा जुन्या टोपलीत माती भरून, बी टाकावे. तीन-चार आठवड्यांत भाजी खुडायला येते, आणि वरून खुडल्यास पुन्हा फुटते.

येत्या पंधरवड्यात ही भाजी आठवड्यातून दोनदा करून पाहावी. चव आवडली नाही, तर ओवा काढून नेहमीची फोडणी द्यावी, त्याने काही बिघडत नाही. दोन जुड्या, बेताचे मीठ, शेवटी लिंबू आणि घरातील प्रत्येकाला सारखा वाटा, एवढे मात्र सोडू नये.