कृषी वाहिन्यांवरील सौर व पवन प्रकल्पांवर व्होल्टेज राखण्याचे बंधन घालावे

प्रति,
मा. सचिव,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई.

विषय : सौर व पवन प्रकल्प जोडलेल्या वाहिन्यांवर व्होल्टेज स्थिर राखण्याबाबत.

महोदय,

आम्ही अकोला व अमरावती जिल्ह्यांतील कृषिपंपधारक शेतकरी हे निवेदन सादर करीत आहोत.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळण्याची आमची जुनी मागणी मार्गी लागत आहे. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र नुसती वीज येऊन भागत नाही, ती पंप चालण्याजोगी हवी. हरभरा-गव्हाच्या ओलिताला सगळे पंप एकदम सुरू झाले की लांबलचक 11 केव्ही वाहिनीच्या शेवटच्या डीपीवर 400 व्होल्टचे 320 होतात. व्होल्टेज पाचव्या हिश्शाने उतरले की मोटरचा जोर 64 टक्क्यांवर येतो. मोटर घुमते, तापते, पाणी मात्र वर येत नाही. शेवटी ती जळते आणि पाण्याची पाळी रिवाइंडिंगच्या दुकानात अडकते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आंबिया बहाराच्या वेळी ठिबकच्या टोकाची झाडे कोरडी राहतात.

पंपाच्या मोटरला रिअॅक्टिव्ह पॉवर लागते. ती दूरवरून ओढावी लागली की व्होल्टेज पडते. जुन्या धाटणीच्या पवनचक्क्यांतील इंडक्शन जनित्रेही ती वाहिनीतूनच ओढतात. शिवाय वारा जोरात असतो तो पावसाळ्यात, तेव्हा आमचे पंप बंद असतात आणि वाहिनीवरचे व्होल्टेज उलट चढते. सौर प्रकल्पावर ढग आला की काही क्षणांत निर्मिती घसरते आणि व्होल्टेजही हलते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2013 मध्ये मोठ्या पवन व सौर प्रकल्पांना 0.95 लॅगिंग ते 0.95 लीडिंग पॉवर फॅक्टर राखण्याइतकी रिअॅक्टिव्ह पॉवर देणे बंधनकारक केले. त्याच वर्षी 33 केव्हीखालच्या छोट्या प्रकल्पांसाठी केलेल्या विनियमांत मात्र व्होल्टेज 80 टक्क्यांखाली गेल्यास दोन सेकंदांत बाजूला होण्याची तरतूद ठेवली. म्हणजे वाहिनी अडचणीत असते नेमक्या त्याच वेळी तिच्यावरचा प्रकल्प निघून जातो, आणि आमची खेडी अशाच वाहिन्यांवर आहेत.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, कृषी वाहिनीला वीज देणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या करारात रिअॅक्टिव्ह पॉवर देण्याचे बंधन घालावे. आजच्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते. ती चालू करून घेण्याचा आदेश तेवढा हवा. शेतकऱ्याला पंपाशी कॅपॅसिटर बसवायला सांगितले जाते, ते योग्यच आहे. तोच न्याय प्रकल्पालाही लावावा. उपकेंद्रांवर आपोआप चालू-बंद होणाऱ्या कॅपॅसिटर बँका बसवाव्यात. व्होल्टेजची नोंद उपकेंद्रात घेतली जाते, ती वाहिनीच्या शेवटच्या डीपीवरही घेऊन दरमहा ग्रामपंचायतीत लावावी. लघुदाबावर ठरलेली 6 टक्क्यांची मर्यादा मोडल्यास भरपाई अर्जाविना वीजबिलात वळती व्हावी.

यंदाचा रब्बी हंगाम सुरू होण्यापूर्वी या विषयावर अकोला किंवा अमरावती येथे जनसुनावणी घ्यावी, ही विनंती. आमच्या डीपींवरील नोंदी घेऊन आम्ही हजर राहू.

आपले विनीत,
कृषिपंपधारक शेतकरी,
अकोला व अमरावती जिल्हे