दुःखाच्या घरचा फराळ

आमच्या आष्ट्याकडे एक रीत आहे. साऱ्या महाराष्ट्रातच ती असावी. ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेले असेल, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. मात्र ते घर फराळावाचून राहत नाही. शेजारच्या चार घरांतून ताटे येतात, वर विणलेला रुमाल झाकलेला असतो, आणि ताट देणारी बाई दारातच दोन मिनिटे खाली मान घालून उभी राहते. फार बोलायचे नसते. ही रीत ज्याने घातली तो मोठा शहाणा माणूस असला पाहिजे. दुःखाला त्याने मान दिला आणि पोटालाही विसरला नाही.

पण या रीतीच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. दुःख आणि आनंद एका घरात एका वेळी नांदत नाहीत, अशी ती समजूत. एक ओसरीवर आले की दुसऱ्याने मागच्या दाराने निघून जायचे. बारा महिने झाले, वर्षश्राद्ध झाले, की मग आनंदाने परत यायला हरकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा संसार या समजुतीवरच चालतो, आणि चालतो म्हणून आपण तिच्याकडे निरखून पाहत नाही.

चार वर्षांमागे आमच्या गल्लीत ही समजूत एका बाईंनी मोडली, आणि गल्लीला ते रुचले नाही.

या बाई ख्रिस्ती आहेत. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले म्हणून सारे गाव त्यांना ‘बाई’च म्हणते. गल्लीत त्यांचे एकच ख्रिस्ती घर. रविवारी सकाळच्या एस.टी.ने सांगलीला उपासनेला जातात. दिवाळीत आमच्याकडून त्यांना ताट जाते आणि नाताळात त्यांच्याकडून आम्हांला येते. शंकरपाळे, चकल्या, करंज्या, सगळे तेच. करंजीत खोबरे मात्र आमच्याहून सढळ. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा कर्ता मुलगा गेला. त्या दिवसांत कोणी कोणाच्या दारी जात नव्हते. पेटी उचलायला अंगभर प्लॅस्टिक घातलेली चार अनोळखी माणसे आली, आणि बाईंनी मुलाला लांबून पाहिले. त्या वर्षी दिवाळीत साऱ्या गल्लीने त्यांच्याकडे ताटे नेली, आणि बाईंनी ती डोळे पुसत घेतली. येथवर सारे रीतीप्रमाणे झाले.

पण डिसेंबर आला, आणि त्यांच्या घरातून तळणाचा वास येऊ लागला. दारावर कागदाची चांदणी लागली. नाताळाच्या दिवशी पूर्वीसारखीच घरोघर ताटे आली. त्यांच्या घरात संध्याकाळी पेटीवर गाणीही झाली. गल्लीत कुजबुज व्हायची ती झालीच. पोर जाऊन वर्ष झाले नाही आणि हिला गाणे सुचते! कोणी म्हणाले, काळीज दगडाचे झाले. कोणी म्हणाले, त्यांच्यात तसेच असते.

मी त्यांच्याकडे रिकामे ताट परत द्यायला गेलो. (रिकामे म्हणायचे, पण आमच्याकडे भांडे रिकामे परत करीत नाहीत, वर साखर घातली होती.) कुजबुज त्यांच्या कानांवर गेली होती. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “रडते की भाऊ. रोज रात्री रडते. रडू नको असं देवानं कुठं सांगितलंय? लाजराच्या थडग्यापाशी प्रभू स्वतः रडला. त्याला तर ठाऊक होतं, घटकाभरात लाजर उठणार म्हणून. तरी रडला.”

मी म्हणालो, “मग बाई, हे गाणं?”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “२०१९ च्या पुरात नदीकाठची शेतं बघितलीत न्हवं? ऊस दिसत नव्हता, बांध दिसत नव्हता. नुसतं पाणी. म्हणून काय कुणाचा सातबारा बदलला? माणसं उंचावर उभी राहून बोट दाखवून सांगत होती, ते तिथं माझं रान. माझं तसंच आहे. मला आज दिसत न्हाई. पण ते हाय, आणि माझ्या नावावर हाय.”

गेली चार वर्षे हे उत्तर माझ्या मनात घोळत आहे. मी ख्रिस्ती नाही. पण बाईंनी ज्याला आनंद म्हटले ती वस्तू सुखाहून निराळी आहे, एवढे मला पटले. सुख पाण्यावर तरंगते. पाणी चढले की वाहून जाते. त्या ज्याविषयी बोलत होत्या ते पाण्याखाली राहणारे होते. दुःख नाहीसे झाल्यावर ते येणार नव्हते. दुःखाच्या तळाशी ते तेव्हाही होते.

त्या दिवशी बाईंनी पंडिता रमाबाईंचे नाव काढले. मुलाला खांदा द्यायला आपले माणूस मिळाले नाही हे शल्य त्यांना फार लागले होते, आणि त्या शल्यावर त्यांना रमाबाईंच्या आत्मकथनातला एक प्रसंग सापडला होता. दुष्काळाची वर्षे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे विद्वान कुटुंब अन्नान्न करीत देशभर फिरत होते. आधी वडील गेले, पाठोपाठ आई. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना कसाबसा पाझर फुटला. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांचे वय तेव्हा सोळा-सतरा. उंची इतकी कमी की तिरडी खांद्यावर घेतली तर तोल जाई. म्हणून मुलीने आईची तिरडी डोक्यावर घेतली.

मग बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ उरली ती अंगावर पिणारी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि महाराष्ट्रात त्यावर किती वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची पुढची कबुली. धर्म आपल्याला मिळाला होता, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, तो ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षे लागली, असे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. इतक्या पंडित बाईने हे छापून सांगावे, याला धैर्य लागते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिले त्याचा अर्थ होतो ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’. ज्या बाईची एकेक ठेव काळाने हिरावून नेली, तिने ‘अक्षय’ हा शब्द वापरला. शब्द तोलून वापरणारी बाई होती ती, संस्कृतात वाढलेली.

हा ठेवा त्यांनी कुलपात ठेवला नाही. १८९६ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्यांना स्वतःचे उपाशी दिवस आठवले. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिकडच्या अनाथ मुली, बालविधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावची मुक्ती संस्था त्यातून वाढली; ती आजही चालू आहे. भुकेल्या पोरीला ओळखायला एकदा स्वतः भुकेले राहावे लागते, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही.

येथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुःखितांच्या घरी जाऊन ‘देवाची इच्छा’, ‘सोन्याला अग्निपरीक्षा’ असली वाक्ये टाकणारी माणसे सर्व धर्मांत असतात, आणि मला त्यांचा राग येतो. ज्याचे पोर गेले त्याला दुसऱ्याने आनंद शिकवू नये. हा आनंद सांगण्याचा हक्क ज्याचे गेले आहे त्याचाच. संत पौलाचे फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र म्हणून तर ऐकावेसे वाटते. चारच अध्यायांचे पत्र, पण ‘आनंद करा’ हे सांगणे त्यात पुनःपुन्हा येते. आणि लिहिणारा बेड्यांत होता. तेच वाक्य कोणी वाड्याच्या गच्चीवरून लिहिले असते तर दोन हजार वर्षे टिकले नसते.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनाही असा हक्क होता. १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या माउलीवर आभाळ कोसळले. काही वर्षे नवरा जिवंत असून ती नवऱ्यावाचून राहिली. पुढे तीही आपल्या मनाने, आपल्या वेळेला त्याच वाटेने गेली. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यानंतर जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईने नवऱ्याचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माणूस रडतो हे खरे, पण त्याहून अधिक हसतो. इतकी दुःखे सांगणाऱ्या पुस्तकात एवढे हसू कोठून आले? मराठीत दुसरे असे पुस्तक मला तरी सांगता येत नाही. आणि खुद्द टिळक तर म्हणत की, ख्रिस्तापाशी आपण आलो ते तुकोबांच्या पुलावरून. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मूल गमावले, दिवाळे निघाले, आणि मग विठ्ठलाच्या पायांशी जो आनंद गायिला त्यावर आमच्या वारकऱ्यांच्या पिढ्या जगल्या. तेव्हा बाईंच्या घरची पेटी ऐकून ‘त्यांच्यात तसेच असते’ म्हणणाऱ्याने आपल्या घरची गाथाही एकदा उघडावी.

रमाबाईंचे एक राहिले. मनोरमा मोठी झाली, अमेरिकेत शिकून आली, आंधळ्या बायकांना बोटांनी वाचायला शिकवू लागली, गुलबर्ग्याला शाळा चालवू लागली. मुक्तीचा कारभार तिच्या हाती द्यायचे ठरले होते. १९२१ च्या जुलैत ती गेली, वय चाळीस. आई त्रेसष्ट वर्षांची, कानांनी अधू, अंगाने थकलेली. सगळ्यांना वाटले, आता ही बाई खचणार.

त्यांच्यापुढे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पडले होते. साध्या खेड्यातल्या बाईला वाचून समजेल अशा मराठीत ते करायचे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या होत्या. मनोरमा गेल्यावरही ते काम चालू राहिले. साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.