शिक्का नको, अडचण शोधा

दोन वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरमधली गोष्ट. मुलगा दुसरीत होता. शिकागोच्या उपनगरातल्या आमच्या शाळेत पालक-शिक्षक भेट होती. टीचरनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला, रंगीत आलेख दाखवला आणि म्हणाल्या, "तुमचा मुलगा 'व्हिज्युअल लर्नर' आहे. वाचण्यापेक्षा बघून चांगलं शिकतो. त्यामुळे ॲप आता त्याला जास्त व्हिडिओ देतंय."

आम्ही दोघंही खूश. मी तर स्वतः सॉफ्टवेअरवाला! सगळ्या मुलांना एका मापाने न मोजता प्रत्येकाच्या कलाने शिकवणारं ॲप, तेही पब्लिक स्कूलमध्ये. रात्री मिरजेला आईला फोन करून कौतुकाने सांगितलंसुद्धा.

मार्चमधल्या एका रविवारी त्याला गोष्टीचं पुस्तक घेऊन जवळ बसवलं. चित्रं बघून घडाघडा सांगत होता. सहज गंमत म्हणून मी चित्रावर हात ठेवला आणि म्हटलं, "आता वाच." तो गप्प झाला. मग पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकायला लागला. 'हाउस'चं 'हॉर्स' झालं. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, हात काढ ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ते ॲप मोजत काय होतं? मूल कशावर क्लिक करतं, कुठे किती वेळ थांबतं, एवढंच. माझ्या मुलाला वाचणं जड जात होतं म्हणून तो व्हिडिओकडे पळत होता. ॲपने ते पळणं 'आवड' म्हणून नोंदवलं आणि आणखी व्हिडिओ दिले. वाचनाचा सराव आणखी कमी झाला. ऑनलाइन दुकानात एकदा चपला बघितल्या की महिनाभर चपलाच दिसतात, तसलाच प्रकार. असले प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या मला हे ऑक्टोबरमध्येच कळायला हवं होतं. टीचरच्या वर्गात पंचवीस मुलं, त्यांनी आलेखावर विश्वास ठेवला. मी कशाला ठेवला?

मग वाचायला बसलो. मुलांचे असे प्रकार पाडणाऱ्या पद्धती बऱ्याच आहेत. त्यातली गाजलेली पद्धत न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, १९९२ च्या सुमाराची: कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी वाचून-लिहून, कुणी करून. ऐकायला पटते, म्हणून जगभर पसरली. पण २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. मुलाला त्याच्या 'प्रकारा'प्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ सगळी मुलं सारखी असा नाही. आवड वेगळी, आधीची तयारी वेगळी, अडचणी वेगळ्या. पण नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो, कविता सगळ्यांनीच ऐकावी लागते आणि पोहायला सगळ्यांनाच पाण्यात उतरावं लागतं. ते विषयावर ठरतं.

आम्ही शाळेला लेखी पत्र दिलं. हे इथल्या पालकांनी लक्षात ठेवावं. अमेरिकेत १९७५ पासून यासाठी केंद्राचा कायदा आहे, १९९० पासून तो 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. पालकांनी लेखी मागणी केली की शाळेला दखल घ्यावीच लागते. नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि तपासणी केली तर खर्च शाळेचा. आमच्याकडे तपासणी झाली आणि निदान आलं: डिस्लेक्सिया.

आईला सांगितलं तर क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे 'तारे जमीन पर'मधल्या पोरासारखं? मग आपण त्याला आळशी कसं म्हणायचो रे?" इथल्या एका हितचिंतकांनी सल्ला दिला, "घरी मराठी बोलणं बंद करा, मूल गोंधळतं." तसं नसतं, मंडळी. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. शाळेतल्या तज्ज्ञ बाईंनीच बजावलं, मराठी सोडू नका. या धास्तीने आपल्यातल्या किती घरांतून मराठी गेली असेल, कोण जाणे.

आता त्याच शाळेत, त्याच क्रोमबुकवर काय चाललंय ते सांगतो. आठवड्यातून चार दिवस वाचनाच्या तज्ज्ञ त्याला आवाज आणि अक्षर यांची जोडी पायरीपायरीने शिकवतात. तिथे 'वाचून दाखवा' हे बटण बंद असतं, कारण तिथे वाचणंच शिकायचं आहे. पण विज्ञानाच्या तासाला तेच बटण चालू. ज्वालामुखी कसा फुटतो हे त्याला कळलंय का, हा तिथला प्रश्न आहे. धडा ऐकून तो उत्तर बोलून टाइप करतो. चाचणीला थोडा जास्त वेळ मिळतो. बटण एकच, पण ते केव्हा चालू आणि केव्हा बंद, हे मुलाला ओळखणारं माणूस ठरवतं. आणि ते बटण वर्गात सगळ्यांनाच दिलंय. नुकतीच मेक्सिकोहून आलेली मुलगीही वापरते, त्यामुळे माझा मुलगा वेगळा दिसत नाही.

यासाठी फार भारी तंत्रज्ञान लागतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. कोड सगळ्यांसाठी सारखाच. कोणतं मूल कोणत्या प्रकारचं, हे ठरवत बसायची त्याला गरज पडत नाही.

आमच्या वेळी मिरजेत एकच शिक्का होता: 'ढ'. माझा चुलतभाऊ त्याच शिक्क्याखाली आठवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागला. आज कुठलंही इंजिन आवाजावरून ओळखतो, पण बँकेचा फॉर्म भरायला मुलीला बरोबर नेतो. त्याला काय अडत होतं, हे कुणी विचारलंच नाही. 'व्हिज्युअल लर्नर' हा शब्द गोड आहे, पण आमच्या घरी त्याने काम तेच केलं. शिक्का बसला आणि सगळ्यांनी शोधणं थांबवलं. आमचे पाच महिने गेले, दादाचं शिक्षणच गेलं.

म्हणून पुढच्या पालकसभेत आलेख दाखवला की तीन गोष्टी विचारा. हे ॲप नेमकं काय मोजतं? माझं मूल काय टाळतंय? आणि हे आकडे सोडून त्याच्या शेजारी बसून कुणी त्याचं वाचन ऐकलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर घरी जाऊन आधी तेच करा. देशातल्या आजी-आजोबांनाही हे व्हिडिओ कॉलवर जमतं. आमच्याकडे रविवारी सकाळी चिरंजीव आजीला एक पान वाचून दाखवतात. अडखळतात, वेळ लागतो. आजीला इंग्रजी फारसं येत नाही, पण ती मध्ये बोलत नाही. पान संपलं की विचारते, "मग पुढे काय झालं?"