घराबरोबर वस्तीही उभी राहावी

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांच्या हाती १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. १६० चौरस फुटांच्या एकाच खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांच्या वाट्याला ५०० चौरस फुटांचे, स्वतंत्र स्वच्छतागृह असलेले आणि मालकी हक्काचे घर आले. एप्रिल २०१७ मध्ये झालेल्या भूमिपूजनापासून या दिवसापर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ लोटला. विलंबाबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु गिरणगावातील श्रमिकाला त्याच्याच जागेवर, त्याच्याच पिढीत घर मिळाले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

या चाळींचा इतिहास आजच्या धोरणकर्त्यांनी आवर्जून अभ्यासावा असा आहे. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५० हजार गाळे बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. परंतु ज्यांच्यासाठी घरे बांधायची, त्यांची गरज, ऐपत आणि राहणी विचारात घेण्याची आवश्यकता परक्या सत्तेला भासली नाही. परिणामी अनेक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला!

या काँक्रीटच्या कोठड्यांना वस्तीचे रूप दिले ते समाजाने. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या चाकरमान्यांनी येथे गावकऱ्यांच्या खोल्या थाटल्या, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा काढल्या. गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती ही येथील वर्षाची दोन टोके ठरली. याच वरळीने जानेवारी १९७४ मधील दंगलीचे चटकेही सोसले. तरीही एकाच नळावर पाणी भरणाऱ्या माणसांनी पुन्हा एकत्र नांदण्याचा मार्ग शोधला. आजारपणात, मयतीत, लग्नकार्यात धावून येणारा शेजार ही या चाळींची खरी मिळकत होय.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले आणि प्रश्न उभा राहिला तो जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी सुचवली होती: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती सीमित झाली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. लोकांच्या वाट्याला येऊ शकली असती अशी कितीतरी जागा हातची गेली. दुसरीकडे, १९९५ साली चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन देऊन सुरू झालेली पुनर्वसन योजना तीन दशकांनंतरही त्या आकड्याच्या जवळपास पोहोचलेली नाही. जेथे विकासकाला फायदा दिसला तेथे ती चालली, जेथे दिसला नाही तेथे अडली. एकट्या शासनाचा प्रयोग विसाच्या दशकात फसला; बाजारावर भिस्त ठेवण्याचा प्रयोग नव्वदच्या दशकानंतर तोकडा पडला.

या पार्श्वभूमीवर बीडीडी चाळींची रचना वेगळी ठरते. जमीन शासनाची, नियोजन व उत्तरदायित्व म्हाडाचे, बांधकाम निविदेद्वारे निवडलेल्या खासगी कंपन्यांचे आणि खर्चाची भरपाई विक्रीसाठीच्या अतिरिक्त घरांतून, असे हे सूत्र आहे. येथे कंत्राटदाराला केलेल्या कामाचे पैसे मिळतात. रहिवाशाच्या घरात काटछाट करून त्याचा नफा वाढत नाही. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील १९५ चाळींतील साडेपंधरा हजारांच्या आसपास गाळे या योजनेत आहेत. त्यामुळे तिचे यशापयश केवळ वरळीपुरते राहणार नाही.

मात्र किल्ली हाती पडली म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे नव्हे. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा अहोरात्र चालू ठेवावी लागते. नाममात्र भाड्यात आयुष्य काढलेल्या निवृत्त कामगाराला दरमहा हा भार पेलेल काय? न पेलल्यास तो घर विकून विरार-बदलापूरची वाट धरील आणि ज्याच्यासाठी योजना आखली, तोच तिच्यातून निसटेल. विक्रीच्या घरांतून येणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित भाग देखभालीच्या कायम निधीत ठेवणे, दुकानांचे भाडे सोसायट्यांकडे वळवणे आणि सोसायटीचा हिशेब व कारभार सांभाळण्याचे शिक्षण रहिवाशांना देणे, हे उपाय आजच योजले पाहिजेत.

दुसरा प्रश्न शेजाराचा आहे. घरांचे क्रमांक सोडतीने ठरवण्यात निःपक्षपातीपणा आहे, हे खरे. परंतु पन्नास वर्षांचे शेजारी त्यामुळे वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरतात. पुढील टप्प्यांत जुन्या चाळीतील गटांना, त्यांची इच्छा असल्यास, एकत्र राहण्याची मुभा देता येईल. व्यायामशाळा, वाचनालय, बालवाडी आणि उत्सवाचा मंडप यांसाठी नकाशातच जागा राखली पाहिजे. चाळीच्या लांबलचक गॅलरीने जे काम केले, ते बंद दाराच्या टॉवरमध्ये आपोआप होणार नाही.

धारावीत तर ही कसोटी अधिक कठीण आहे. तेथे २०२२ च्या निविदेनंतर अदानी समूहाचा ८० टक्के आणि राज्य शासनाचा २० टक्के वाटा असलेली भागीदारी आकाराला आली. कुंभारवाड्यात आणि चामड्याच्या कारखान्यांत घर आणि उद्योग एकाच छपराखाली नांदतात. तेथे नुसते घर देऊन भागणार नाही. भट्टी आणि शिलाई यंत्र यांचेही पुनर्वसन करावे लागेल.

सार्वजनिक-खासगी भागीदारी हा शब्द शासकीय कागदपत्रांत आता रुळला आहे. या भागीदारीचा तिसरा आणि सर्वांत मोठा भागीदार त्या वस्तीतला समाज आहे, याचे भान मात्र अद्याप रुजायचे आहे. शासनाने जमीन दिली, कंपनीने इमारत बांधली. तिचे घरात आणि घरांचे वस्तीत रूपांतर करण्याचे सामर्थ्य केवळ समाजाकडे आहे. शंभर वर्षांपूर्वी परकीय राजवटीने त्याला विचारले नाही. स्वराज्यातील शासनाने ती चूक पुन्हा करू नये, आणि समाजानेही केवळ लाभार्थी न राहता आपल्या वस्तीच्या कारभाराची धुरा स्वतःच्या खांद्यावर घ्यावी.