अर्ज भरणे हीदेखील एक परीक्षाच!



बारावीचा निकाल लागला की आपल्या शाळेत दरवर्षी काही माजी विद्यार्थी धावत येतात. हवा असतो जुना दाखला, मातृभाषेची नोंद, नावातली दुरुस्ती. आणि तीही उद्या सकाळपर्यंत! मागे एक मुलगी अशीच आली. महाराष्ट्राच्या सीईटीत चांगले गुण होते. पण सीमाभागातील रहिवासाचा दाखला मिळालेला नव्हता आणि कागदपत्रे तपासण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. दाखला हाती आला तेव्हा ती फेरी होऊन गेली होती. दोन वर्षे पहाटे उठून केलेला अभ्यास एका कागदापाशी अडला. तिचा चेहरा आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे की, प्रवेश परीक्षेची तयारी क्लासची फी भरून सुरू होत नाही. ती कागदपत्रांची फाईल करण्यापासून सुरू होते, आणि ती फाईल अकरावीतच तयार झाली पाहिजे.

आपल्या बेळगाव भागातील मुलांना तर याची जास्तच गरज आहे. आपल्यासमोर दोन राज्यांची दारे आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. कर्नाटकच्या सीईटीत पात्रतेचा मुख्य नियम सात वर्षांचा. पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे लागते. मधली काही वर्षे मामाकडे चंदगडला किंवा कोल्हापूरला शिकलेल्या मुलांनी हा हिशेब आधीच करावा. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार आहे. मात्र रहिवास आणि मातृभाषा या दोन्हींचे दाखले ठरलेल्या नमुन्यातच द्यावे लागतात. तोंडी मराठी बोलून भागत नाही!

काही पालक म्हणतात, "आपण एकाच राज्याचा अर्ज भरू, दोन्हीकडे कशाला धावायचे?" मला हे पटत नाही. सीमाप्रश्नावर आपापली भूमिका जरूर असावी, पण ती मुलांच्या अर्जावर लादू नये. दोन्ही अर्ज भरावेत. निर्णय निकालानंतर घ्यावा.

नीटच्या अर्जात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. जवळचे म्हणून बेळगाव केंद्र निवडले तर मराठीचा पर्याय राहत नाही. आणि आपली बहुतेक मुले दहावीनंतर विज्ञान इंग्रजीतून शिकतात. दोन वर्षे 'रिफ्रॅक्शन' म्हटल्यावर परीक्षेत 'अपवर्तन' वाचून अडखळायला नको. मराठीचा अभिमान मलाही आहे. पण ज्या भाषेत सराव केला, तीच भाषा अर्जात निवडावी.

राहता राहिला नावाचा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरे, आधार कार्डावर वडिलांचे पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी, असे आपल्याकडे घरोघरी आढळते. ही दुरुस्ती एका दिवसात होत नाही. आजच सगळे कागद टेबलावर मांडून एकेक अक्षर ताडून पाहा.

शेवटचे सांगणे मुलांना. अर्ज सायबर कॅफेतल्या दादावर सोपवून घरी जाऊ नका. मोबाईल नंबर आणि ई-मेल स्वतःचा किंवा आई-वडिलांचा द्या, कारण पुढचा प्रत्येक संदेश तिथेच येतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. गेल्या वर्षी ताईने काय केले त्यावर विसंबू नका, नियम बदलतात. अर्ज पाठवण्याआधी घरच्या दुसऱ्या कोणाकडून तरी तो मोठ्याने वाचून घ्या.

शाळेनेही आपला वाटा उचलावा. दहावीच्या निरोप समारंभात पेढ्यांबरोबर प्रत्येकाच्या हाती कागदपत्रांची एक यादी द्यावी, अशी माझी सूचना आहे. पेढा संपेल, यादी दोन वर्षे उपयोगी पडेल.