सरकार कुणाला मोठं होतं?

सरकार फार मोठं झालंय हो, अशी बोंब कोण मारतं ते आधी बघा. ज्याचा बाप सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जवळजवळ फुकटात शिकला, ज्याच्या कारखान्याला एमआयडीसीनं जमीन दिली, पाणी दिलं, रस्ता दिला, ज्याची बँक गटांगळ्या खायला लागली की सरकार धोतर खोचून धावतं, तो मारतो. पहिल्या पंगतीला रेटून जेवला, ढेकर दिला, आणि आता मागच्या पंगतीला सांगतोय, चूल विझवा, धूर फार होतोय. निराधार योजनेच्या पैशासाठी तहसिलीला खेटे घालणारी मांगवाड्यातली म्हातारी 'सरकार मोठं झालं गं बाई' असं म्हणाल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. तिचं सरकार कायम जेवायच्या सुट्टीत.

२०१४ साली दिल्लीच्या सत्तेबरोबर 'मिनिमम गव्हर्नमेंट' ही घोषणाही आली. अग्रलेखवाले पंडित खूष. सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के, कारकून किती, चपराशी किती, अशी मापं घेऊन ते वाद घालतात. आम्हाला ही पट्टीच मान्य नाही. हत्ती किती मोठा हे त्याला तागडीत घालून कळत नसतं. त्याचा पाय ज्याच्या छातीवर आहे त्याला विचारा.

हे भांडण मूळचं आपलं नाही. अमेरिकेत ते जुनं आहे, आणि तिथंही ते कोणाच्या रक्तावर पोसलं हे आपल्याला ठाऊक असायला हवं. कारण १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते तिथल्याच काळ्या भावांचं. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत. दक्षिणेतले गोरे खवळले. 'वॉशिंग्टनचं सरकार फार मोठं झालं, आमच्या राज्यात नाक खुपसतं.' १९५७ साली लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या पोरांना शाळेच्या दारातून आत न्यायला राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावं लागलं, कारण राज्याच्या गव्हर्नरनं आधी त्यांना अडवायला बंदुकवाले उभे केले होते. त्याहून अस्सल गोष्ट व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड कौंटीची. काळ्या पोरांबरोबर बसायला लागू नये म्हणून त्यांनी १९५९ साली आपल्या सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. कुलूप! गोऱ्या पोरांसाठी खाजगी शाळा निघाली, तिला मागच्या दारानं सरकारी पैसाही पोचला. काळी पोरं घरी बसली. एक नाही, दोन नाही, पाच वर्षं. १९६४ साली न्यायालयानं कान धरला तेव्हा कुलूप निघालं. घ्या, हे तुमचं लहान सरकार! इतकं लहान की त्यात काळ्या पोराला बसायला बाकसुद्धा मावत नाही.

आणि तेच सरकार ब्लॅक पँथरसाठी केवढं झालं? १९६९ साली ओकलंडच्या एका चर्चमध्ये पँथरांनी गरीब पोरांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. जे काम सरकारचं, ते ही पोरं करत होती, कारण त्या मोहल्ल्यात सरकार नव्हतंच. पण त्याच वर्षी, ४ डिसेंबरच्या पहाटे, शिकागोत पोलीस घरात घुसले आणि फ्रेड हॅम्प्टनला गोळ्या घातल्या. वय एकवीस. घराचा नकाशा सरकारच्या खबऱ्यानं पुरवला होता. अंथरूण कुठल्या खोलीत आहे हे माहीत असणारं सरकार! पुढं १९८१ साली रेगन आला आणि सरकार हाच रोग आहे म्हणून सांगू लागला. गरीब पोरांच्या शाळेतल्या जेवणाला कात्री लावली, लष्कराचा खर्च वाढवला. १९८० ते १९९० या दहा वर्षांत त्या देशाच्या तुरुंगांतले कैदी दुपटीहून जास्त झाले. हे सरकार लहान झालं म्हणायचं काय?

परक्याचं सोडा. जगातलं सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त सरकार आपल्याच गावात होतं. एक पाटील, एक कुलकर्णी आणि एक महारवाडा. बस्स! साऱ्याची रक्कम तालुक्याच्या खजिन्यात पोचवायची कोणी? महारानं. साहेब आला की घोड्याला चारा, चूल, लाकडं? महारानं. शीवेचा तंटा, चावडीचा सांगावा, मयताची खबर, रातची गस्त? महार, महार, महार. दिवस नाही, रात नाही, पाऊस नाही. १८७४ सालच्या वतन कायद्यानं इंग्रजांनी त्याच्यावर शिक्का मारला. सरकारनं नोकर ठेवला आणि पगार मात्र रयतेच्या दारावर ढकलला. रयतेनं तो पगार म्हणून नाही, भीक म्हणून टाकला. शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर चालणारं राज्य. मुंबईच्या सेक्रेटरिएटमधल्या साहेबाच्या वहीत हा खर्च फार थोडा दिसायचा. अर्थशास्त्राच्या आजच्या पोथीप्रमाणं मोजाल तर हे आदर्श सरकार! आणि त्या येसकराला विचाराल तर? त्याच्यापुरतं सरकार आभाळाएवढं होतं. तो घरी नसला तर त्याच्या बापाला, भावाला कामाला जुंपत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनावर बिल आणलं ते ह्याच्याविरुद्ध. सरकारी काम आहे ना, मग सरकारनं पगार द्यावा, कामाचं माप ठरवावं. साधी मागणी. बिल पुढं मागं घ्यावं लागलं. ही वतनं बरखास्त व्हायला १९५८ सालचा कायदा यावा लागला.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ज्या सरकारला वेशीबाहेरचा माणूस 'का?' म्हणून विचारू शकत नाही, ते सरकार मोठं. मग त्यात एकच पाटील असो नाहीतर लाखभर कारकून असोत.

आता आपल्याच डाव्या दोस्तांशी दोन शब्द. त्यांना वाटतं, सरकारचा पसारा जितका वाढेल तितकं गरिबाचं भलं. नाही बाबांनो. पारध्याला विचारा, कैकाड्याला विचारा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पोर आईच्या पोटातून गुन्हेगार म्हणून बाहेर पडायचं. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. १९५२ साली कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि कुठं चोरी झाली की फौजदाराची गाडी पालावरच येत राहिली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक जमले, तर राखीव पोलिसांच्या गोळीला दहा माणसं गेली. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली, तेव्हा मात्र सरकार पोचलं नाही. आणि त्याच नोव्हेंबरात विदर्भात लोक निषेधाला रस्त्यावर आले तेव्हा? लाठी वेळेवर. संचारबंदी वेळेवर. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. लहान सरकारचे भोक्ते असलेल्या पंडितांपैकी कितीजण त्यावर लिहिते झाले, ते आपल्या जुन्या पेपरांच्या रद्दीत शोधून काढा.

बाबासाहेबांना ह्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटना समितीपुढं ठेवलेल्या निवेदनात, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये, त्यांनी शेती सरकारी उद्योग करा म्हटलं, मूलभूत उद्योग सरकारच्या हाती द्या म्हटलं, विमा सरकारचा एकट्याचा करा म्हटलं. जमीन जातपात न बघता कसायला द्यायची. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. एवढं मोठं सरकार तर नेहरूंनाही झेपलं नाही! कारण बाबासाहेबांचा हिशोब वेगळा होता. सरकारचा हात निघाला की कोणाला स्वातंत्र्य मिळतं? जमीनदाराला खंड वाढवायचं, मालकाला कामाचे तास वाढवायचे आणि मजुरी छाटायचं. आणि गंमत बघा, हे सगळं त्यांनी कुठल्या मंत्र्याच्या मर्जीवर सोडलं नाही. घटनेतच लिहा म्हणाले, म्हणजे आज आलेलं बहुमत उद्या ते पुसू शकणार नाही. सरकारच्या हातात भाकरी द्यायची आणि त्याच्या नाकात वेसणही घालायची.

आज काय चाललंय? भाकरी काढून घेतात, वेसणही सोडतात. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं नऊ खाजगी एजन्सींकडून माणसं भरायचा जीआर काढला. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात जीआर रद्द झाला. पण कंत्राट कुठं रद्द झालं? ठेकेदाराच्या माणसाला बिंदुनामावली लागत नाही. राखीव जागा एका ओळीनंही रद्द न करता राखीव जागा संपवायची ही युक्ती आहे. मोर्चा काढायचा तर कोणावर काढाल? एकच जागा मात्र अशी आहे जिथं आपल्याला शंभर टक्के आरक्षण अजून कोणी नाकारलं नाही. गटार. तिथंही आता मधे ठेकेदार. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं मेलेल्याच्या घरी दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख. पण चेंबरमध्ये माणूस गुदमरला की महापालिका म्हणते, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मी त्याला उतर म्हणालोच नव्हतो. त्या क्षणी सरकार एवढं लहान होतं की भिंग लावून शोधा. मुंबईतल्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना 'आम्ही महापालिकेचेच' एवढं एक वाक्य शाबीत करायला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. वाक्य एक, वर्षं किती, आणि तोवर टीबीनं किती गेले ते त्यांच्या वस्तीत जाऊन विचारा.

तेव्हा सरकार लहान करायचं असेल तर खुशाल करा. ठाण्याच्या कोठडीपासून सुरुवात करा, आम्ही हाताला हात लावू. वसतिगृहापासून, शिष्यवृत्तीपासून, झेडपीच्या शाळेपासून सुरुवात कराल तर गाठ आमच्याशी आहे.

वाचणाऱ्या पोरांना एक काम. आपापल्या नगरपालिकेत, महापालिकेत सफाई खात्यात कायम माणसं किती, ठेकेदाराची किती, मंजूर पण रिकाम्या जागा किती, ठेकेदाराला दर माणसामागं मिळतात किती आणि तो हातात ठेवतो किती, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. आलेले कागद इकडं पाठवा, पुढच्या अंकात गावांच्या नावानिशी छापू.