पोरींना पळू द्या

पलूस तालुक्यातल्या आई-वडिलांना, आज्यांना आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंना एक कळकळीची विनंती आहे. पाचवी-सहावीपर्यंत आपल्या पोरी शाळेच्या स्पर्धेत पळतात, बक्षीसही आणतात. सातवी-आठवीत गेल्या की पळणं बंद. "आता मोठी झाली", "लोक काय म्हणतील", "दहावी जवळ आली." ज्या वयात अंगात ताकद भरायची, नेमकी त्याच वयात पोर घरात बसते.

बायकांना पळणं सोसत नाही, ही समजूत एकट्या आपल्या गावाची नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या आणि त्यांना ते झेपत नाही म्हणून ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची शेतकऱ्याची लेक ललिता बाबर २०१६ ला रिओत ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला.

प्रत्येक पोर ललिता होणार नाही आणि तशी अपेक्षाही तिच्यावर लादू नका. कालपर्यंत एका फेरीत दमणारी पोर महिन्याभरात न थांबता चार फेऱ्या मारते, तेव्हा ती आपल्या जोरावर काहीतरी कमावते. वर्गात हात वर करायला लाजणारी पोर मग हळूहळू बोलायला लागते.

सुरुवात सावकाश करा. दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीसेक मिनिटं. पळताना शेजारच्या मैत्रिणीशी बोलता आलं पाहिजे; धाप लागून बोलणं तुटलं की वेग कमी करायचा. पहिल्या दिवशी शर्यत लावू नका. मागं राहिलेली पोर दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि खरी गरज तिलाच असते. पायात मापाचे बूट हवेत. थोरल्या भावाचे जुने, ढिले बूट नकोत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटेपासून धावतात, त्यामुळं रस्त्यावर नको, शाळेच्या मैदानावरच पळा.

खाण्याकडं मात्र आईनं लक्ष द्यावं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात पडून राहू देऊ नका. जेवणानंतर घ्यायला लावा, वर लगेच चहा नको. पळून आल्यावर शेंगदाण्याचा लाडू, मोड आलेली मटकी, भाकरी, पालेभाजी, सगळं घरचंच आहे. जाड-बारीक यावरून तिला कुणी बोलू नये, आजीनंही नाही. पाळी आली म्हणून मैदान बंद करू नका. बरं वाटत असेल तर पळू द्या, दुखत असेल तर विश्रांती घेऊ द्या. पाळीत नेहमी फार रक्त जात असेल, थोडं पळूनही चक्कर येत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

मैदानावर एखाद्या बाई किंवा दोन-तीन आया रोज हजर असाव्यात, म्हणजे घरच्यांना घोर राहत नाही. गावात कुणीतरी पुढं व्हायला हवं. तुमच्या शाळेच्या बाईंना उद्याच विचारा, संध्याकाळी मैदानाचं फाटक तासभर उघडं ठेवाल का. आणि पहिले काही दिवस पोरीसोबत तुम्हीही दोन फेऱ्या चाला.